जास्तीचं कातडं

खाणं आवरून, चालून चालून माझं वजन जवळजवळ निम्म्यावर आलं, पण कातडं माझ्याबरोबर आटलं नाही. ते पोटावरून रिकाम्या पखालीसारखं लोंबत राहिलं. खुर्चीत बसलो की मांड्यांवर गोळा व्हायचं, चाललो की हलायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. तिथला एक सहकारी म्हणायचा, "सर, हवा गेली, ट्यूब राहिली." मीही हसायचो. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या घडीत घाम साचे, कातडं सोलवटे, त्याला वास येई. घरून निघताना मी जुन्या धोतराची मऊ पट्टी घडीखाली दाबून ठेवत असे. दुपारी ती बदलायची, म्हणजे पुन्हा कोणी नसलेली जागा शोधायची.

सर्जननं सांगितलं, एकदा इतकं ताणलेलं कातडं व्यायामानं परत जागेवर येत नाही. ते कापूनच काढावं लागतं. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत छेद, बेंबी नव्या जागी बसवायची, थोडे दिवस आतलं पाणी काढणाऱ्या नळ्या, पोटाला पट्टा आणि वाकून चालणं. मी एकटा राहतो. शुश्रूषेला टेंभुर्णीहून अक्का, माझी थोरली बहीण, आली.

अक्काला या ऑपरेशनची लाज वाटत होती. "बाईमाणसानं केलं असतं तर एक वेळ झाकून गेलं असतं. गडीमाणसानं पोट कापून घेतलं म्हटल्यावर गावात खळ्या पडायच्या नाहीत व्हय लोकांच्या गालाला?" म्हणून आईला तिनं फोनवर सांगितलं, हर्निया आहे, किरकोळ आहे.

आई मंद्रूपला राहायची. दोन शेळ्या, एक खोली आणि शेजारणी, एवढ्यात तिचं चालत असे. आमचे वडील पोटाच्या कॅन्सरनं गेले. त्या वेळी आम्ही तिघांनी मिळून त्यांना शेवटपर्यंत अल्सर म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडे असंच करतात. रोगाचं नाव रोग्यापुढे काढायचं नाही, म्हाताऱ्यांपुढे तर नाहीच. त्यात आईचा वाटा सगळ्यात मोठा होता. डॉक्टरांना कोपऱ्यात गाठून "त्यास्नी अल्सरच सांगा" असं तिनंच विनवलं होतं.

ऑपरेशननंतर ती एसटीनं आली. मी दार उघडायला वाकून वाकून गेलो. वजन गेल्यापासून गाल बसलेलेच होते, सदऱ्याखालून नळी बाहेर आलेली होती. तिनं मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "बस, बस. उठू नगं." मग सरळ स्वयंपाकघरात अक्काकडे गेली. मी पलंगावर पडलो होतो. मधल्या भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"हर्निया म्हणं. तुझ्या बापाला अल्सर झालता, तसाच का?"

"आई, कायबी काय बोलतीस!"

"मला नगं शिकवू. हे शिकवलंय कुणी? मीच की."

त्याच संध्याकाळी मी तिला खरं काय ते सांगितलं. अक्का मान खाली घालून बसली होती.

"कातडं?" आई म्हणाली.

"हो. जास्तीचं होतं. त्रास व्हायचा, म्हणून काढलं."

"चांगल्या माणसाचं कातडं कोण काढतंय लेकरा? मेल्या जनावराचं काढत्यात."

मग मी पट्टा सोडून तिला पोट दाखवलं. मला वाटलं, डोळ्यांनी पाहिलं की पटेल. तिच्यापुढे आडवी, लाल, लांबच लांब शिवण होती आणि टाके घातलेली नवी बेंबी. तिनं शिवणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हवेतच बोट फिरवलं. "लई मोठं कापलंय रं," एवढंच म्हणाली आणि माझ्या अंगावर चादर ओढली. नुसतं बोललो असतो तर कदाचित तिला पटलंही असतं; एवढं कापतात ते मोठ्या रोगासाठीच, हे मी दाखवून पक्कं केलं होतं.

तपासणीला गेलो तेव्हा तिला सोबत नेलं. सर्जन चांगला माणूस होता. तो म्हणाला, "आजी, मुलगा ठणठणीत आहे. काळजीचं काही नाही." आईनं हात जोडले. जिना उतरताना माझ्या दंडाला धरून म्हणाली, "तवाचा डॉक्टरबी असंच म्हणत हुता."

मी काय करायला हवं होतं, याचा मी अजून विचार करतो. जे सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. माझ्या खरं बोलण्यातला प्रत्येक शब्द तिनं पूर्वी स्वतः खोटेपणानं वापरलेला होता.

मी सरळ उभा राहून चालू लागल्यावर ती गावी परतली. तिनं सिद्धेश्वराचे सोमवार धरल्याचं शेजारणीनं अक्काला सांगितलं. मग सोमवारला शनिवार जोडला. मग मीठ सोडलं. आईला मधुमेह होता. मी रोज फोन करायचो.

"जेवलीस का?"

"जेवले की. तू जेवलास का? तू खा बाबा."

"उपास सोड आई. मला काही झालेलं नाही."

"व्हय, व्हय. कातडंच काढलंय न्हवं का." ती मला धीर देत होती. वडिलांशी ती याच आवाजात बोलायची.

एका सकाळी शेळ्या ओरडत होत्या आणि दार उघडलं नव्हतं. पोटात काही नसताना मधुमेहाची गोळी घेतली असणार, साखर एकदम उतरली असणार, असं डॉक्टर म्हणाले. अक्का मला धरून विचारत होती, "मी हर्निया म्हणाले नसते तर?" मी उठून शेळ्यांना पाणी दाखवलं.

अंत्यविधीला मला अंगातला सदरा काढावा लागला. ओल्या धोतराच्या वर ती शिवण साऱ्या भावकीनं पाहिली. कोणी हसलं नाही. चुलत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनीनं आपलं आयुष्य पोराला दिलं." माणसांनी माना हलवल्या. एका म्हाताऱ्यानं मला नमस्कार केला, मला म्हणजे माझ्यातल्या तिला. हे नुसतं कातडं होतं, असं म्हटलं असतं तर ती कशासाठी उपाशी राहिली? ती भुकेली गेली, तेही फुकट गेली, हे तिच्या चितेपाशी मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

आता गावात मी तिच्या नवसाचा पुरावा म्हणून हिंडतो. मी धडधाकट आहे, हेच त्यांच्या लेखी पुरेसं आहे. वजन वाढलेलं नाही, पोट सपाट आहे, उन्हाळ्यात काही जळजळत नाही. सर्जनच्या दृष्टीनं हे काम उत्तम झालेलं आहे.

परवा आईची खोली आवरायला गेलो होतो. गल्लीतली एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिच्या थोरल्या मुलाच्या घशात गाठ निघाली आहे. मी म्हणालो, उपचार थांबवू नका. ती म्हणाली, "जातोय की दवाखान्यात, ते चालूच हाय. पर तुमच्या आईनं काय काय सोडलं हुतं ते सांगा. सोमवार ठावं हाय. मीठबी सोडलं हुतं म्हणत्यात, खरं का?"

मी तिला सांगू लागलो. ते कातडं होतं, मावशी, मला काही रोग नव्हता, आई उगीच उपाशी राहिली. ती माझ्याकडे समजूतदारपणे बघत होती. मध्ये तिनं एकदा मानही हलवली. माझं बोलून झाल्यावर तिनं आवाज खाली आणून पुन्हा विचारलं,

"व्हय, ते झालं. पर मीठ सोडलं हुतं का?"

"सोडलं होतं," मी म्हणालो.