वळवात उघडी राहिलेली पेटी

गुणाबाईच्या परसात मधमाशांच्या सात पेट्या होत्या आणि त्यांच्याजवळ जायची बंदी तिलाच होती. गेल्या वर्षी मध काढताना कानामागं एक माशी चावली. घटकाभरात ओठ सुजले, घसा आवळला, श्वास पुरेना. जांबोटी गावाहून खानापूरच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये तिचा नवरा नागोजी तिला सारखा हाका मारत होता. डॉक्टरांनी जवळ ठेवायला गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पुन्हा चावली तर दवाखान्यात पोचायला वेळ मिळेलच असं नाही."

तरी बारा वर्षं सांभाळलेल्या पेट्या तिच्यानं मोडवल्या नाहीत.

यंदा जांभळी भरून फुलल्या होत्या. पण एप्रिल सरताना रोज दुपारी ढग चढू लागले. मध घाईनं काढावा, तर तो पातळ असतो, आंबतो. थांबावं, तर पावसानं माशा अडकून पडतात आणि साठवलेलं खाऊन टाकतात. चार दिवस ती दारात उभी राहून आभाळच बघत होती. पाचव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं.

"आज काढूया," ती म्हणाली. "तुमी काढा. मी खिडकीतनं सांगते."

नागोजी रानात गव्यासमोर उभा राहिलेला माणूस, पण पेटीचं झाकण त्यानं कधी उचललं नव्हतं. जाळीची टोपी त्यानं दोनदा काढून पुन्हा घातली.

"लई धूर देऊ नगासा," बंद खिडकीच्या काचेआडून ती ओरडून सांगत होती. "सावकाश. पोळ्याची चौकट सरळ वर उचला."

दोन पेट्या झाल्या. मधानं जड झालेल्या चौकटी त्यानं डब्यात ठेवल्या. तिसरीचं झाकण निघालं आणि ऊन एकदम गेलं. डोंगराकडून वारा सुटला, मागोमाग गडगडाट. माशा भणभणत उसळल्या. नागोजी चौकट हातात धरून तसाच उभा राहिला.

"झाकण घाला! अवो, झाकण!"

त्याला ऐकूच जात नव्हतं. टपोरे थेंब पडू लागले. उघड्या पेटीत पाणी गेलं, तर खाली पिल्लं होती, ती गारठून मरणार. गुणाबाईनं घोंगडं डोक्यावरून ओढलं आणि दार उघडलं.

तिनं नवऱ्याच्या हातातली चौकट घेऊन जागेवर सरकवली. झाकण दाबून बसवलं. तेवढ्यात मनगटावर सुई टोचल्यासारखं झालं.

घरात येऊन तिनं नखानं खरवडून काटा काढला आणि गोळी घेतली. बाहेर पाऊस कोसळत होता. फोनला रेंज नव्हती, बस संध्याकाळशिवाय नव्हती. नागोजी जीप बघायला निघाला, तिनं त्याचा सदरा घट्ट धरला.

"मला एकटीला टाकून जाऊ नगासा."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "श्वास हाय न्हवं? बोल काय तरी, गुणा."

"हाय."

दर मिनिटाला त्यानं तेच विचारलं. हात कोपरापर्यंत सुजला. ती ओठांवरून बोट फिरवून बघत होती, घोट गिळून बघत होती. एकदा घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं आणि तिनं डोळे मिटून घेतले. ती नुसती भीती होती. तासाभरानं पाऊस ओसरला, तरी श्वास सरळ चालत होता. तेव्हा नागोजी तोंड फिरवून रडला.

दुसऱ्या दिवशी तो तिला खानापूरला घेऊन गेला. डॉक्टर चिडले. या खेपेला वाचली म्हणजे पुढच्या खेपेला वाचेल असं नाही, म्हणाले.

पाऊस पुढं सहा दिवस राहिला. ज्या दोन पेट्यांतला मध काढला होता, त्यांतल्या एकीतल्या माशा उपाशी पडून उडून गेल्या. मध न काढलेल्या पाचांना नागोजीनं हात लावू दिला नाही. त्यांचा मध त्यांनाच राहिला.

गुणाबाई आता परसाकडचं दार बंद ठेवते. परवा नागोजीनं आपणहून विचारलं, "माशा दिवसाच्या कुठल्या वक्ताला निवांत असत्यात गं?"

तिनं दाराची कडी नीट लागलीय का बघितलं. मग तिनं सांगितलं.