धुळ्याची मोटार

मूल आडवं पडून हातपाय झाडायला लागलं, की अक्का त्याच्याकडे पाठ करून बसायची. हातभर अंतरावर, मांडीत कापसाची टोपली घेऊन. वाती वळता वळता मधूनच म्हणायची, "बठ्ठं रडी ले. मी आठेच शे." सगळं रडून घे, मी इथेच आहे, एवढंच. अक्का धुळ्याकडची. यावलच्या आमच्या बालवाडीत ती मुलं सांभाळायची, मी शिकवायचे. मला तिची ही तऱ्हा मुळीच पटायची नाही. माझं औषध म्हणजे धपाटा.

माझी सुमी तेव्हा चार वर्षांची. ह्यांना जाऊन तीन महिने झाले होते आणि मी रडले नव्हते. बायका म्हणायच्या, दगड आहे मेली. असेन. भाकरी भाजत होते, फळ्यावर अक्षरं काढत होते. चव कशाचीच लागत नव्हती. सुमीला घरच्यांनी सांगून टाकलं होतं, "बाबा धुळ्याला गेलेत, येतील." मीही तेच सांगत राहिले.

रोज अकराच्या सुमारास बालवाडीत सुमी एकाएकी जमिनीवर लोळण घ्यायची, किंचाळायची, चावायची. मीठ-मिरच्या उतरवून झाल्या, धपाटे झाले. एकदा मी हात उगारला तर अक्काने मनगटच धरलं. "मारू नको वं. रडनं शे ते, चोरी नही." आणि तिथेच बसली. सुमीने कापूस लाथाडला. अक्काने तो गोळा केला नि पुन्हा वात वळायला घेतली.

आठवड्याने तिने मला ओट्यावर बोलावलं. "धुळानी मोटार वाजस ना, तव्हयच पडस ती. तिना बाप उतरत नही. तिले खरं सांग." धुळ्याहून येणारी मोटार अकरालाच भोंगा वाजवत यायची, माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"मला नाही जमायचं, अक्का." सुमीला सांगितलं, की ते माझ्यासाठीही खरं होणार होतं.

"तू सांग. मी आठेच शे."

सांगितलं. आज वार कुठला ते सांगावं, तशा आवाजात. सुमीने मला ओरबाडलं, टाहो फोडला. अक्का पाठ करून दुपारपर्यंत बसून होती. पुढे मोटार वाजली की सुमी नुसती दाराकडे बघायची.

पाच वर्षांनी अक्का गेली. सगळी बालवाडी रडली, मी कोरडीच. घरी येऊन भिंतीला टेकून बसले. सुमी अक्काची कापसाची टोपली घेऊन आली. हातभर अंतरावर, माझ्याकडे पाठ करून बसली. वात काही तिला नीट वळता येईना.

"आई, मी आठेच शे."

मग मी रडले. आधी अक्कासाठी, नंतर कितीतरी वेळ ह्यांच्यासाठी. सुमी उठली नाही.