तळाचा नमुना

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेल्युलोजपासून पांढरी, रवाळ पावडर बनते. पाण्यात चमचाभर टाकली की पाणी दाट होतं. आइस्क्रीम, सॉस, सुताची खळ, भिंतीचा रंग, सगळीकडे तिची वर्णी लागते. साधी पावडर पाण्यात पडताच गुठळ्या धरते. हिचे दाणे मुद्दाम असे बांधलेले, की मिनिटभरात विरघळावेत. नीलम्मा बिराजदार सतरा वर्षं या पिशव्या भरते आहे. शिक्षण सातवी, तेही कानडी शाळेत. पण पावडरीच्या बाबतीत भल्याभल्यांना मागे टाकेल.

तिचे वडील ईरप्पा अक्कलकोटच्या बाजारात हमाल होते. ज्वारी घेणारा पोत्यात लोखंडी नळी तळापर्यंत खुपसून दाणे काढतो, हे तिने लहानपणी रोज पाहिलेलं. वरचा थर सगळेच चांगला लावतात, ही अक्कल तिला तिथलीच.

परवा एका सॉसवाल्याची पहिली ऑर्डर निघाली. ट्रक दाराशी उभा, लॅबच्या ऋतुजा मॅडमचा रिपोर्ट एकदम चोख. आणि नीलम्मा पिशव्यांपुढे हात आडवा धरून उभी.

"ह्यो माल जायचा न्हाय," ती म्हणाली.

मॅनेजर महेश्वरसाहेबांचा पारा चढला. "रिपोर्ट पास आहे. तुमच्या शब्दावर ट्रक अडवायचा? माल चांगला निघाला तर उद्यापासून कामावर येऊ नका."

बाई जागची हलली नाही. "न्हाय येत. पर आदी तळ बघा की. सकाळपासनं भरताना भुगा लई उडतोय. पिशवी हादरली की त्यो खाली जाऊन बसतोय, आन मॅडमनी घेतलंय वरचं."

ऋतुजाने वरूनच नमुना घेतला होता; तिला तसंच शिकवलेलं. ती लांब नळी घेऊन आली. तळाची पावडर पाण्यात पडली, आणि ढवळून ढवळून हात दुखला तरी साबुदाण्याएवढ्या गुठळ्या तरंगत राहिल्या. चाळणीची जाळी चोंदली होती. खाली गळून जायचा तो भुगा दाण्यांबरोबर पिशवीत आला होता. हा माल गेला असता तर पहिली ऑर्डर शेवटचीच ठरली असती.

जाळी साफ झाली, सगळा माल पुन्हा चाळून भरला. यात दुपार टळली. महेश्वरसाहेब ऋतुजाजवळ आले. "मॅडम, आता सोडायचा ट्रक?"

ऋतुजाने नव्या रिपोर्टवर अजून सही केली नव्हती. ती नीलम्माकडे वळली. "काकू, सोडायचा?"

सतरा वर्षांत असं तिला कुणी विचारलं नव्हतं. अभिमानाने ऊर भरून आला, पण नीलम्माने घाई केली नाही. शेवटच्या पिशवीत नळी पार तळापर्यंत घातली, दाणे पाण्यात सोडले, पाणी नितळ दाट होईस्तोवर ढवळत राहिली. तोवर साहेब, मॅडम, ड्रायव्हर, सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"आता जाऊ द्या," ती म्हणाली.