एक मत जास्त

फ्रँकफुर्टला विमानातून उतरले तेव्हा पाय इतके सुजले होते की चपलेत मावेनात. बार्शीहून पुणे, पुण्याहून मुंबई, मुंबईहून इथवर, आणि पुढे स्टुटगार्टची रेल्वे अजून बाकीच. एकोणसत्तराव्या वर्षी माणसाने खरं तर आपल्या ओट्यावर बसून शेंगा सोलाव्यात. पण लेकीने, अनघाने, तिकीट काढून टाकलं होतं आणि फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, "आई, या वेळी मार्चमध्येच ये. इथली निवडणूक बघ." निवडणूक! जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना मी निवडणुकीच्या इतक्या ड्युट्या केल्या, की निवृत्त झाले तेव्हा शाळा सुटल्याच्या दुःखापेक्षा ड्युटी सुटल्याचा आनंद मोठा होता. मतदान केंद्र बघायला तू एक दिवस सातासमुद्रापार जाशील, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

स्टुटगार्टच्या गाडीचा फलाट ऐनवेळी बदलला. लोक मुकाट्याने बॅगा उचलून जिन्याकडे निघाले. मला लिफ्ट सापडेपर्यंत गाडी निघून गेली होती आणि पुढची तासाभराने होती. बाकावर शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. "इंडिएन?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने माझ्या पायांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या. तिचेही सुजलेले होते. दोघी हसलो. तिने पिशवीतून मिठाचे खडे लावलेला ब्रेत्सेल (वेटोळ्याचा पाव) काढला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. तासभर आम्ही तो चघळत बसलो.

अनघाचं घर स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन या उपनगरापलीकडच्या एका लहानशा गावात आहे. जावई निखिलराव मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. गावामागच्या उतारावर द्राक्षांचे मळे आहेत, पण मार्चमध्ये नुसत्या काटक्या उभ्या होत्या. आभाळ चार दिवस राखाडीच राहिलं. रस्त्यातल्या दिव्याच्या प्रत्येक खांबाला उमेदवारांचे तीन-चार हसरे चेहरे पट्टीने बांधलेले. कर्णा नाही, जीप नाही, मिरवणूक नाही. "ही निवडणूक आहे की दहावीच्या क्लासची जाहिरात?" मी विचारलं.

"आई, इथे असंच असतं," निखिलराव म्हणाले. "लोक घरी बसून प्रत्येक पक्षाचा जाहीरनामा वाचतात."

"सगळा?"

"तुमची मुलगी वाचते. मला मत नाही, त्यामुळे मी सुटलो."

त्यांच्याकडे अजून आपला भारतीय पासपोर्ट आहे. अनघाने मात्र आदल्या वर्षी आइन्ब्युर्गरुंग (तिथलं नागरिकत्व घेणं) पूर्ण करून आपला पासपोर्ट परत करून टाकला. मला नंतर कळवलं. ती बातमी माझ्या घशाखाली अजून उतरली नव्हती. लेक लग्न होऊन सासरी जाते ते आपण समजू शकतो. ही कागदावर सही करून गेली. तसं मी तिला एकदा बोललेही होते, आणि तेव्हापासून आम्ही दोघी त्या विषयाला वळसा घालून चालत होतो.

न्याहारीला तिने मला तिथली मतपत्रिका समजावली. नमुन्याचा कागद टेबलावर पसरला तर माझी कॉफी त्याच्याखाली गेली.

"प्रत्येकाला दोन मतं. पहिलं माणसाला, आपल्या मतदारसंघातल्या. दुसरं पक्षाला. आणि आई, दुसरं जास्त महत्त्वाचं. लांडटागमध्ये (राज्याच्या विधानसभेत) कुणाच्या किती जागा ते दुसऱ्या मतांच्या प्रमाणात ठरतं."

"आणि पहिल्या मताने निवडून आलेले?"

"ते बसतातच. एखाद्या पक्षाचे त्याच्या वाट्यापेक्षा जास्त आले, तर बाकीच्यांच्या जागा वाढवतात, म्हणजे प्रमाण सारखं राहतं."

"म्हणजे पंगतीत बसलेल्याला उठवायचं नाही, बाकीच्यांसाठी पाट वाढवायचे."

"गेनाऊ!" (अगदी बरोबर.) ती खूश झाली. "फक्त पाच टक्क्यांच्या खाली राहिलेल्या पक्षाला त्या वाटणीत काही नाही. पण बाकी प्रत्येक दुसरं मत राज्याच्या बेरजेत जातं. कुणाचा उमेदवार पडला तरी त्याचं मत वाया जात नाही. म्हणून मोजणी नीट व्हायला लागते."

आणि मग तिने मला बोलावण्याचं खरं कारण सांगितलं. ती वालहेल्फेरिन (मतदान केंद्रावरची स्वयंसेविका) होणार होती. स्वतःहून नाव दिलं होतं! आमच्याकडे ही ड्युटी रद्द व्हावी म्हणून लोक दवाखान्याचे दाखले गोळा करतात. ही रोज संध्याकाळी नियमांची पुस्तिका घेऊन बसायची, पेन्सिलने खुणा करायची.

"एवढं काय घाबरायचं?" मी म्हटलं.

"आई, तिथले सगळे एकमेकांना लहानपणापासून ओळखतात. मी एकटी बाहेरची. पहिल्याच वेळी काही चुकलं ना, तर तोंडावर कुणी बोलणार नाही, पण मनात म्हणतील, ही कालची आलेली."

परकी झालीस ना, आता भोग, असं माझ्या मनात आलं. आलं ते आलं, लपवून काय करू?

रविवारी केंद्र गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत होतं. अनघाची पाळी दुपारची. जेवायचं विसरेल म्हणून मी मेथीचे पराठे आणि लोणचं डब्यात भरलं आणि दोनच्या सुमारास हळूहळू चालत तिथे गेले. दारात पोलीस नाही, रांग नाही, बोटाला शाई नाही. एका टेबलावर कॉफीचा थर्मास आणि चार प्रकारचे केक, ते स्वयंसेवकांनी घरून आणलेले. मतदार मतपत्रिका घेऊन आडोशाला जायचा, घडी घालून पेटीपाशी यायचा. तिथे अनघा मतदारयादी उघडून बसली होती. ती नाव शोधून खूण करणार, मग शेजारचे गृहस्थ पेटीच्या फटीवरचा पुठ्ठा बाजूला करणार, की कागद आत.

मी आत पाऊल टाकलं तेव्हा तिच्यासमोर निळ्या कोटातले एक आजोबा उभे होते. मला बघताच अनघा ताडकन उठली. डबा घेतला, खुर्ची ओढली, मला बसवलं, पाणी आणलं. वडीलधारं माणूस दारात आलं की आधी उठायचं, हे मीच तिला लहानपणी डोळे वटारून शिकवलेलं. तोवर आजोबांचा कागद पेटीत पडला होता आणि ते सगळ्यांना मान लववून निघून गेले होते.

संध्याकाळी सहाला मतदान संपलं, तशी केंद्रप्रमुख फ्राऊ (श्रीमती) क्लाईन यांनी दार उघडंच ठेवलं. उंच, सत्तरीच्या आसपासच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. अनघा म्हणाली, "आई, थांब. मोजणी कुणीही बघू शकतं."

"मी? बाहेरच्या देशाची बाई?"

"कुणीही म्हणजे कुणीही. फक्त मध्ये बोलायचं नाही."

भिंतीलगत लाकडी बाक होता. बघणारी मी एकटीच. माझी कंबर दिवसभराची धरलेली, आणि समोर तेच सगळं, जे सोडून आले म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला होता. टेबलं जोडून पेटी उलटी केली. सगळ्यांनी मिळून घड्या उलगडल्या, दहा-दहाच्या चळती केल्या. दुसऱ्या बाजूला यादीतल्या खुणा मोजल्या. फ्राऊ क्लाईन यांनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि खडू हातातच धरून उभ्या राहिल्या. पेटीत एक मत जास्त होतं.

पुन्हा मोजलं. खुणा दोघांनी वेगवेगळ्या मोजल्या, चळती अदलाबदल करून मोजल्या. तरी एक जास्तच. सगळे कागद तपासत होते, आणि मला बसल्या जागी उमगलं होतं घोडं कुठे पेंड खातंय ते. काखेत कळसा म्हणतात तसा तो माझ्याच काखेत होता, त्या रिकाम्या डब्याच्या पिशवीत. अनघाचं तोंड पांढरं पडलं होतं. कुणी तिला काही बोललं नाही, पण यादी दुपारी कुणाकडे होती हे सगळ्यांना माहीत होतं.

फ्राऊ क्लाईन यांनी पाच मिनिटांची विश्रांती दिली. अनघा पाणी प्यायला माझ्याजवळ आली तशी मी हळूच म्हटलं, "अनू, मी आले तेव्हा झालं हे. निळ्या कोटातले आजोबा. खूण न करताच तू उठलीस."

तिने डोळे मिटले. "हो... तसंच झालं असणार. पण त्यांचं नाव काय होतं? मला आठवत नाही गं."

"नाव कशाला हवंय? न आलेली इतकी नावं आहेत यादीत. कुठल्याही एकापुढे खूण कर आणि मोकळी हो. कुणाला कळतंय?"

तिने पेला तोंडापासून खाली घेतला.

"आई, तू केलंयस असं कधी?"

"छे! मी कशाला?"

हे मी इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

ती गेली. पेला टेबलावर ठेवून तिने सगळ्यांसमोर फ्राऊ क्लाईन यांना जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. माझ्याकडे हात केला, डब्याकडे केला, यादीकडे केला. मला वाटलं, संपलं, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं पोरीने. फ्राऊ क्लाईन यांनी चष्मा नाकावर चढवला, खुर्चीत बसल्या आणि नीडरश्रिफ्टमध्ये (केंद्राच्या लेखी अहवालात) लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. अनघाने नंतर मला त्याचा अर्थ सांगितला: खुणांपेक्षा एक मतपत्रिका जास्त आहे, दोनदा मोजूनही फरक राहिला, यादी सांभाळणारी व्यक्ती क्षणभर जागेवरून उठली असताना एक खूण राहून गेली असावी. बस, एवढंच. कुणी आवाज चढवला नाही. एकाने केकची ताटली पुढे केली, आणि सगळे मतं वेगळी करायला बसले.

निघताना फ्राऊ क्लाईन माझ्याजवळ आल्या. अनघाने दुभाष्याचं काम केलं.

"त्या विचारतायत, डब्यात काय होतं?"

"सांग, पराठे. पुढच्या वेळी त्यांच्यासाठीही आणीन म्हणावं, पण मोजणी झाल्यावर."

त्या खळखळून हसल्या. मी पण हसले. आतून मात्र मला रडू येत होतं.

घरी निखिलरावांनी टीव्ही लावून ठेवला होता. रंगीत खांब वरखाली होत होते, एक लहान पक्ष पाचाच्या रेघेशी झोंबत होता, सभागृहात एकूण किती पाट मांडावे लागणार हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. अनघा सोफ्यावर माझ्या खांद्याला टेकली. "मला वाटलं होतं आज मी परकी ठरणार," ती म्हणाली आणि बसल्या बसल्याच झोपली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. तिने कुठला पासपोर्ट ठेवला नि कुठला दिला, हे त्या क्षणी मला अगदी क्षुल्लक वाटलं.

पुढचे दोन आठवडे मी नेकर नदीत बोटीने फिरले, मसूर घातलेल्या शेवयांसारखा एक प्रकार खाल्ला (चव बरी, पण फोडणी नाही), जुन्या चौकात फोटो काढले. कशातच जीव रमला नाही. रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज ती दमून कामावरून यायची, मीही दमलेली असायची. अखेर काही न सांगताच मी विमानात बसले.

बार्शीला आले तर ऊन रखरखत होतं. शेजारणी चॉकलेटं न्यायला आल्या, विचारून गेल्या, जर्मनी कशी वाटली? छान, स्वच्छ, म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःहून अनघाला फोन लावला आणि म्हटलं, "अनू, तू त्या दिवशी विचारलंस ना, मी केलंय का असं? केलंय."

पलीकडे तिने खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

"मग लिहून टाक, आई," ती म्हणाली. "आम्हीही लिहिलंच ना."

तर लिहिते. आमच्या तालुक्यातल्या एका गावात मी केंद्राध्यक्ष होते. मतदान संपल्यावर यंत्रावरचा आकडा आणि नोंदवहीतल्या सह्या-अंगठे जुळेनात. यंत्रात एक मत जास्त होतं. सामान न्यायची जीप दारात घुरघुरत होती, माझ्याबरोबरचे तिघे भिंतीला पाठ टेकून बसले होते, आणि मी उभ्या उभ्या झोपेला आले होते. न आलेल्या मतदारांतलं एका म्हातारीचं नाव मी निवडलं, नोंदवहीच्या शेवटी तिचा क्रमांक लिहिला आणि पुढे अंगठा उमटवला. ती बाई त्या दिवशी केंद्रावर आलीच नव्हती. तो अंगठा माझा आहे.