काय दिसतंय?

आमच्या कडक भाकरीच्या दुकानाच्या माडीवर वेबसाइट बनवून देणाऱ्या एका गृहस्थांचं ऑफिस आहे. स्कूटर बंद पडो की मिक्सर, ते आधी एकच विचारतात, "काय दिसतंय? तेवढंच सांगा." आपण आपला अंदाज सांगायला लागलो की हात वर करून थांबवतात.

परवा त्यांनी आमची वेबसाइट चढवली. मी उत्साहाने सगळ्या गिऱ्हाइकांना कळवून मोकळी झाले, आणि उघडून बघते तर भाकरी नाही, शेंगाचटणी नाही. नुसतं "आम्ही लवकरच येत आहोत." मी जिना चढून गेले ती भांडायलाच.

"काय दिसतंय, ताई?"

मी वाचून दाखवलं.

"सर्व्हरवाल्यांचं आयतं पान हाय ते. त्याच्यामागं आपलं झाकलंय." त्यांनी ते शांतपणे काढून टाकलं. तरी माझ्या मोबाईलवर तेच!

"तुमच्या मोबाईलनं जुनं धरून ठिवलंय, सुटंल हळूहळू. ज्यानं आधी बघितलंच न्हाय असा मोबाईल पायजे." म्हणत त्यांनी गावी, वैरागला, आपल्या आईला फोन लावला. प्रत्येक नवी वेबसाइट ते तिच्याकडूनच तपासून घेतात. लिंक पाठवून त्यांनी स्पीकर सुरू केला.

"आई, काय दिसतंय?"

"भाकरी दिसत्यात की. लई झ्याक!"

मी हुश्श केलं.

"आन् तू कवा दिसणार?"

"येतो की लवकरच," ते म्हणाले आणि उगाच माऊस पुसायला लागले.

माझ्या मोबाईलवर अजून तेच जुनं पान होतं, "आम्ही लवकरच येत आहोत." मी तो हळूच पालथा ठेवला.