आंधळा आकडा

युवास्क्युला शहरातल्या प्रयोगशाळेत हिल्काला सगळे खडूस म्हणत, तेही तोंडावर. हा खडूसपणा तिला लावला ओइवाने. तो तिचा गुरू, सत्तरी उलटलेला. अणू आपोआप बदलतो तेव्हा त्यातून इलेक्ट्रॉन कोणत्या बाजूला उडतात, हे दोघं वर्षानुवर्षं मोजत होती. जुन्या नियमापेक्षा केसभर फरक निघाला असता, तरी भौतिकशास्त्राचा पाया हलला असता.

पण माणसाची जात लबाड. मनासारखं उत्तर आलं की चुका शोधायचा कंटाळा करते. म्हणून ओइवाने रीत घातली होती. संगणक उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून खरं उत्तर झाकून ठेवणार आणि हिशेबातल्या सगळ्या दुरुस्त्या संपेपर्यंत तो कुणी बघायचा नाही. एकदा बघितला की हिशेबाला हात लावायचा नाही. त्याला ते आंधळा आकडा म्हणत.

एकच दुरुस्ती उरली होती, यंत्रावर आपटून माघारी उडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची. तेवढ्यात ओइवाचा कॅन्सर हाताबाहेर गेला.

"उघड ना बाई, म्हाताऱ्यासाठी तरी," सगळे म्हणाले.

"तोच मला फाडून खाईल," हिल्का म्हणाली.

ती दालचिनीचे पाव घेऊन इस्पितळात गेली. त्याने त्यांना हातही लावला नाही.

"काय आलं गं?"

"अजून उघडलं नाही. एक दुरुस्ती राहिलीय."

"माझीच रीत मला नडली म्हणायची!" तो हसला आणि खोकत राहिला. मग त्याने तिचा हात धरला. "मी आता कुठे मोजायला येतोय? नियम टिकला की मोडला, एवढंच सांग. हवं तर थाप मार."

हिल्काची जीभ रेटेना. "तूच शिकवलंस ना, ओइवा..."

"शिकवलं खरं," असं म्हणून त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुरुस्ती संपायच्या आत तो गेला.

पुढे रिवाजाप्रमाणे सगळ्यांना कॉफी देऊन आकडा उघडला. जुना नियम जसाच्या तसा टिकला होता. आणि ज्या दुरुस्तीपायी तिने ओइवाला ताटकळत ठेवलं, तिने उत्तराचा शेवटचा अंकसुद्धा बदलला नव्हता.

"नियमाला धरून राहिलीस," शेजारी बसलेली सहकारी आइला म्हणाली. "ओइवाला अभिमान वाटला असता."

हिल्काने कप खाली ठेवला.

"त्याला उत्तर हवं होतं गं," ती म्हणाली. "मी दिलं नाही."