दोन बटणं आणि बाबाराव

बाबाराव आमच्या अकोल्याच्या टाइल कारखान्यात काम मागायला आले, तेव्हा त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही. टेबलावरची टाइल उचलली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "ताई, हा कोपरा उंदरानं खाल्ला का?" मी तिथली सुपरवायझर. त्यांना प्रेसवर ठेवलं आणि पुढची आठ वर्षं डोकं धरून बसले.

साच्यात मातीची दमट भुकटी भरायची, वरून पोलादी ठोकळा दाबायचा, की कच्ची टाइल तयार. ठोकळा खाली यायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात, दोन हातांनी. म्हणजे साच्यात हात राहत नाही. बाबाराव एका बटणात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाची, काडी खोचायचे आणि मोकळ्या हाताने साच्याचे कोपरे पुसायचे. मी काडी उपटायची. तासाभरात दुसरी हजर. गावाहून, दर्यापूरहून येताना खिसा भरूनच आणत असावेत.

"दोनी हात बटनावर, तं कोपरे काय तुमी पुसान?"

"मशीन थांबवा आणि पुसा."

"थांबवलं का भुकटी सुकते, ताई. अकोल्याचं ऊन हाये हे."

लेखी ताकीद दिली. त्या कागदाने त्यांनी साचा पुसला. त्यांच्या पत्नीला, कमलाबाईंना, बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "घरी ताट बी तीनदा पुसते हा मानूस. म्या हात टेकले, आता तुमी पाहा."

शेवटी त्यांना प्रेसवरून काढून टाइल निवडायला बसवलं. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. अमरावतीच्या एका कारखान्यात प्रेसवर लागले, असं कळलं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

चार महिन्यांनी कमलाबाईंचा फोन आला. बाबारावांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

अमरावतीच्या बसमध्ये मी मूर्तिजापूर येईपर्यंत काय काय सुनावायचं ते ठरवून टाकलं. दवाखान्यात बँडेजमधला हात पाहिला आणि गप्प बसले. बाबारावच म्हणाले, "तुमच्या इथं दिवसातून दहादा काडी निंगे. तिथं एकदा लावली ते लावलीच. काढाले कोनी आलंच नाई."

माझ्या मशीनवरून ते गेले म्हणजे धोका टळला, असं मी धरून चालले होते.

"आता गप कावून बसल्या? बोला नं."

मग मी बोलले. वॉर्डातले सगळे बघत होते. नर्सने दोनदा हटकलं. बाबाराव मान खाली घालून ऐकत राहिले. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला मध्येच तोडलं नाही.